अंतर घराच्या भिंतीपासून मोजा : शकुंतलाताईंची पंचाहत्तरी

शकुंतलाताई मेश्राम यांना मी प्रथम पाहिले ते सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत. तुमसरच्या राईस मिलमधली नोकरी सोडून मी गावी परतलो होतो आणि नुकताच सदस्य झालो होतो. ताई शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन सरपंच झाल्या होत्या. टोलीसाठी मंजूर झालेला हातपंप चौकात बसवावा, असा काही सदस्यांचा आग्रह होता. चौकात नळ असताना टोलीच्या नावाचे पाणी तिथे कशाला, असे ताईंनी विचारले. हातपंप टोलीतच बसला.

टोली म्हणजे तलावापलीकडे, गावाबाहेर वसलेली वस्ती; ताईंचे घरही तिथेच. तिथे पक्की घरे आहेत, वीज आहे, मतदारयादीत नावे आहेत. मते मागायला सगळे तिथे जातात. पण ती गावठाणाच्या रेषेबाहेर आहे, आणि त्या रेषेच्या आधाराने तिचे जे होणार होते ते आठवले की आजही माझे डोके फिरते.

ताईंनी सरपंचपद सोडल्यानंतरची ही गोष्ट. एका कंपनीने पवनचक्क्यांसाठी टोलीमागचे टेकाड निवडले. मनोरा वस्तीपासून किती दूर हवा याचा नियम होता, पण आम्हाला दाखवलेल्या नियमात अंतर मोजायचे होते गावठाणाच्या हद्दीपासून. त्यामुळे गाव सुरक्षित होते. टोलीच्या शेवटच्या घरांवर मात्र पात्यांची सावली फिरणार होती.

ग्रामसभेत अधिकाऱ्यांनी नकाशा उलगडला. ताईंनी त्यात सीताबाईंचे घर दाखवायला सांगितले. भाताच्या रोवणीच्या कामाला जाणाऱ्या सीताबाई समोरच बसल्या होत्या. नकाशात तिथे पडीक जमीन आहे, नियमाच्या दृष्टीने तिथे वस्ती नाही, असे उत्तर आले.

“मंग हे बाई कुठं राहून राहिली, साहेब?” ताई शांतपणे म्हणाल्या. “तिले तुमीच सांगा, तिचं घर नाही म्हणून.”

साहेबांनी नकाशा गुंडाळला. त्यानंतर ताईंना विकासाच्या विरोधक ठरवण्यात आले, तेही टोलीत कधी पाऊल न ठेवलेल्या लोकांकडून. वास्तविक ताईंचे म्हणणे एवढेच होते की चक्क्या खुशाल उभारा, पण अंतर राहत्या घराच्या भिंतीपासून मोजा. पुढची ग्रामसभा त्यांनी टोलीत भरवायला लावली आणि तसा ठराव करून घेतला. तो तांत्रिक कारण दाखवून परत आला. ताई एसटीने भंडाऱ्याच्या जिल्हा कार्यालयात खेपा घालू लागल्या. एकदा मी सोबत असताना त्यांना सकाळपासून बाकावर बसवून ठेवले आणि कार्यालय बंद होताना साहेब दौऱ्यावर असल्याचे सांगितले. साहेब आतच होते. वर्गावर्गांतून शेकडो मुले शिकवलेल्या बाईंशी हे वागणे. मी भांडायला उठलो, तर ताईंनी मला बसवले आणि उद्या येऊ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच गेल्या.

त्याच उन्हाळ्यात टोलीतल्या लोकांनी कंपनीची गाडी अडवली. मोजणीला आलेले दोघे भर उन्हात उभे होते, त्यांना कोणी पाणी देईना. ताईंनी त्यांना आपल्या अंगणात बोलावून भात आणि लाखोळीची डाळ वाढली. एकाने रागाने विचारले, “काहून जेवू घालता त्यायले?”

“भांडण नियमाशी आहे,” ताई म्हणाल्या. “माणूस उपाशी कायले ठेवायचा?”

अखेर वरिष्ठ अधिकारी आले, सीताबाईंच्या भिंतीला टेप लावून अंतर मोजले गेले आणि मनोऱ्यांच्या जागा टेकाडापलीकडे सरकल्या. आदेश घेऊन मी धावतच ताईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि ‘विशेष बाब म्हणून’ या शब्दांवर बोट ठेवले.

“आमी विशेष नाही आहो,” त्या म्हणाल्या. “आमी तिथं राहतो.”

त्यांचे खरे होते. आम्हाला न्याय नव्हे, सूट मिळाली होती. नियम आजही तोच आहे, आणि दुसऱ्या एखाद्या गावची टोली उद्या पुन्हा पडीक जमीन ठरू शकते. म्हणूनच ताई आता आसपासच्या गावांत जाऊन लोकांना हेच समजावत असतात.

ताईंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघ्यांचे दुखणे कमी होवो आणि हा नियम त्यांच्या डोळ्यांदेखत बदलो. त्यासाठीची धावपळ यापुढे आपण करू या. ताईंनी निवांत घरी बसावे. त्या बसणार नाहीत, हे ठाऊक असूनही ही विनंती.