पेणची वजडी आणि रोह्याची दोरी

आमच्या घराण्यात आजवर कुणी तालुक्याच्या पलीकडे प्रसिद्ध झालेलं नाही, पण वजडी साफ करावी तर आमच्याच घराण्याने.

हे मी म्हणत नाही. (म्हणजे मीच म्हणतो, पण माझ्याआधी माझे वडील म्हणायचे.) वजडी म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. ज्याने ती खाल्ली नाही त्याला समजावून सांगता येत नाही, आणि ज्याने खाल्ली आहे तो सांगत बसत नाही, सरळ भाकरी मोडायला घेतो. पोटाच्या आतल्या अंगाला एक काळपट, खरखरीत साल असते. गरम पाण्यात बुडवून, चुना चोळून, सुरीने खरवडून ती काढायची. निघाली तर खालून पांढरीशुभ्र वजडी, राहिली तर सगळ्या कालवणाला वास. आमच्यात हे काम पुरुषांचं. बायका आत कांदा-खोबऱ्याचं वाटण वाटणार, पुरुष मागच्या दारी पाटावर बसून वजडी साफ करणार. माझे वडील हे काम इतकं सुंदर करायचे, की शेजारपाजारचे लोक आपापली वजडी घेऊन आमच्या मागच्या दारी रांगेत उभे राहायचे.

आणि मी? मी कंपनीत बॉयलरवर. रविवारी नेमकी माझी शिफ्ट असायची, किंवा मी ती असेल अशी व्यवस्था करायचो. वडील गेल्यावर आम्ही खाटकाकडून साफ केलेलीच आणायला लागलो. थोडक्यात, वजडीच्या बाबतीत मी कायम खाण्याच्या खात्यात होतो.

हे सगळं मला आठवायला हवं होतं. पण मुलीच्या साखरपुड्यात माणसाला काही आठवत नाही.

आम्ही रोह्याचे, साखरपुडा पेणला होता. आमचे व्याही नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, धोतर नेसत नाहीत पण बोलतात धोतर नेसल्यासारखं. जेवणाच्या गप्पा निघाल्या, गप्पांतून मटण निघालं आणि मटणातून वजडी निघाली. नाना सुपारी कातरत म्हणाले, "सुरेशराव, वजडी रोह्याला खातात. करतात ती पेणला."

भर मांडवात! दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर! माझ्या अंगात वडील संचारले.

"नाना," मी म्हटलं, "आषाढात या आमच्याकडे. माझ्या हातची वजडी खा आणि मग पेणचं नाव काढा!"

माझ्या हातची! शेजारी बसलेल्या वंदनाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी घास अडकतो.

लग्न झालं, आमची प्राजू पेणला नांदायला गेली. मला वाटलं होतं नाना विसरतील. पण चाळीस वर्षं पोरांचा गृहपाठ तपासलेला माणूस तो! जेठ संपत आला तेव्हा प्राजूचा फोन आला.

"बाबा, नाना रोज जेवताना विचारतात, 'मग, रोह्याची वजडी कधी?' आल्यागेल्याला पण सांगतात. बाकीच्या सुनांना स्वतःच्या स्वयंपाकावरून ऐकावं लागतं, मला बापाच्या स्वयंपाकावरून!"

"अगं, थट्टा करतात ते."

"थट्टाच आहे. पण तुमची वजडी बिघडली ना, तर ही थट्टा मला जन्मभर पुरेल. बाबा, खाटकाकडून साफ करून आणू नका हां. नाना पहिल्या घासाला ओळखतात."

एवढं सांगून तिने फोन ठेवला आणि माझी झोप उडाली. आता प्रश्न माझा राहिला नव्हता, तिचा झाला होता.

श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रविवार ठरला. विहीणबाईंचा चातुर्मास एकादशीपासूनच सुरू झाला होता, त्यामुळे नाना, जावई निखिल आणि प्राजू असे तिघेच येणार होते. मी सकाळी रोह्याच्या बाजारात गेलो. खाटकाकडे गटारीची ही गर्दी! तो म्हणाला, "शेठ, साफ करून देऊ?"

"नको," मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्यात घरीच साफ करतात." आणि व्याही परत परत मागतील या हिशेबाने एकाऐवजी दोन बोकडांची वजडी घेतली. वर कलेजी. (आयुष्यात केलेली ही एकमेव शहाणपणाची खरेदी. कलेजी नव्हे, ती दुसरी वजडी.)

रोह्याजवळच्या वरसे गावात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे चूल, नळ आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायची दोरी. (वाळत घालायची म्हणतात एवढंच. आषाढात त्या दोरीवर आजवर काही वाळलेलं नाही.) मी चूल पेटवली, मोठा टोप चढवला. आई खुर्ची टाकून बसली. आई मूळची गडब गावची, आता वय झालं, पण खुर्चीतून घर चालवते.

"सुऱ्या, पानी जास्त तापवू नको," आई म्हणाली. "बोट बुडवून बघ. शिवी आली तर पानी बरोबर. बोंब मारलीस तर जास्त तापला."

"आई, मी जन्मभर बॉयलरवर काम केलंय! मला पाणी तापवायला शिकवतेस?"

"तिथं वजडी घालतत काय?"

"नाही, पण..."

"मग गप बोट बुडव."

"कंपनीत आम्ही बोटं घालत नाही! पाणी जेवढं कडक तेवढं साल लवकर सुटणार. साधं विज्ञान आहे."

आईने खुर्ची मागे सरकवली. आईचं असं मागे सरकणं म्हणजे भोंगा होण्याआधीची शांतता, हे मला कळायला हवं होतं. पण मी टोपात खळखळ उकळी येऊ दिली, चुना टाकला आणि एका बोकडाची अख्खी वजडी आत सोडली. मग चांगला वेळ दिला. कसर नको!

बाहेर काढली तर ती आक्रसून निम्मी झालेली आणि साल अशी घट्ट धरून बसलेली, जणू आताच भाडेकरार केलाय. सुरीने खरवडलं, निघेना. आणखी चुना चोळला, माझ्या बोटांची सालं निघाली, तिची नाही. नारळाची शेंडी घेतली. वंदनाची भांडी घासायची तारेची घासणी घेतली. शेवटी पायाचे तळवे घासायचा दगड घेतला, तेव्हा वंदना आतून ओरडली, "अहो, तो माझा आहे!"

"कडक पान्यान चिकटली ती," आईने निकाल दिला. "आता ती सुटायची नाय. तुझा बापूस असता ना, तर तुलाच टोपात घातला असता."

"मग आता काय करू?"

"दोरीवर टांग. पानी निथळू दे, मग बघू खरवडता येते काय."

मी ती वजडी दोरीवर पसरली. वाऱ्याने पडू नये म्हणून दोन चिमटे लावले. एका बाजूला माझा बनियन, दुसऱ्या बाजूला करडा टॉवेल, मध्ये वजडी. लांबून बघितलं तर काही वेगळं दिसतही नव्हतं. मी डोकं धरून पाटावर बसलो आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

जेवायला येणारी माणसं चहालाच हजर! नानांना इतका धीर निघेना की सकाळी उजाडताच निघाले होते. वाटेत नागोठण्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. निखिलने चाक बदललं, नानांनी देखरेख केली आणि शेजारून गेलेल्या ट्रकने नेमका देखरेख करणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडवला.

"तोंड धुतो आधी," नाना म्हणाले आणि घराला वळसा घालून थेट मागच्या नळावर! मी उठेपर्यंत त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता, साबण लावला होता. वंदनाने आतूनच पाहुणचार केला, "नाना, टॉवेल दोरीवर आहे हां!"

मी ओरडायला तोंड उघडलं. पण काय ओरडणार? 'नाना, थांबा, ती वजडी आहे'?

आषाढात दोरीवरचा टॉवेल ओलाच असतो, गारच असतो आणि त्याला थोडा वासही येतोच. त्यामुळे नानांना काहीच संशय आला नाही. डोळे मिटून त्यांनी हात लांब केला, चिमटे काढून ओढलं आणि पुसायला सुरुवात केली. कपाळ पुसलं. गाल पुसले. मान पुसता पुसता हात थांबला.

मागच्या दारात प्राजू येऊन उभी राहिली होती. निखिल तिच्या मागे. नानांनी डोळे उघडले, हातातली वस्तू नाकाजवळ नेली, मग सावकाश चष्मा लावला.

"सुरेशराव."

"हां, नाना."

"पाणी उकळलं होतं?"

"थोडंसं."

"साल धरून बसलीय. गालाला टोचली." एवढं बोलून त्यांनी ती पुन्हा दोरीवर पसरली, चिमटे लावले आणि करड्या टॉवेलाने पहिल्यापासून तोंड पुसलं. मग प्राजूकडे वळून, फार नाही, अगदी मिशीतल्या मिशीत हसले.

ते हसू मी ओळखलं. ते पेणला जाणार होतं. नातेवाइकांत, शाळेच्या जुन्या स्टाफमध्ये, प्राजूच्या डोहाळजेवणात, नातवंडांच्या बारशात ते निघणार होतं. माझ्या पोरीचा चेहरा पडला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की वडिलांच्या फोटोकडे बघवेना. (फोटो पुढच्या खोलीत होता, तरी बघवेना.)

प्राजूने ओढणी कमरेला बांधली.

"बाबा, दुसरी कुठंय?"

"कोण दुसरी?"

"वजडी! तुम्ही एक आणली असणं शक्यच नाही."

मी पिशवी दिली. तिने मला पाटावरून उठवलं. टोपातलं पाणी ओतून टाकलं, नवीन चढवलं, जाळ कमी केला. आई खुर्चीत पुढे सरकली. थोड्या वेळाने प्राजू म्हणाली, "नाना, जरा बोट बुडवता?"

"मी? का?"

"पाणी बघायचंय. बोट बुडवल्यावर शिवी आली तर बरोबर असतं. मी सून आहे ना, तुमच्यासमोर शिवी कशी देणार?"

नाना गोंधळले. चाळीस वर्षं 'वर्गात अपशब्द नकोत' म्हणणारा माणूस! त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, तर्जनी पुढे केली, पाण्यात घातली आणि त्यांच्या तोंडून अशी एक अस्सल, ठसठशीत शिवी बाहेर पडली की निखिल दोन पावलं मागे सरकला.

"बस!" आई टाळी वाजवून ओरडली. "पानी बरोबर झाला! टाक गो प्राजू!"

प्राजूने चुना घातला, वजडी बुडवली, लगेच उचलली. परातीत पसरून सुरीची पाठ फिरवली आणि साल अशी अलगद सुटत गेली की जणू ती वाटच बघत होती. काठाकाठाने, घडीघडीतून, कुठे घाई नाही. खाली पांढरीशुभ्र वजडी. नाना बोट फुंकत तिच्यासमोर उकिडवे बसले होते, वर्गात एखादा पोरगा बसतो तसे.

"कुठे शिकलीस गं हे?"

"आजोबांकडे. रविवारी मी त्यांच्यासमोर बसायचे. बाबा शिफ्टला असायचे ना."

डिट्टो वडिलांचा हात. तोच सुरीचा कोन, तेच ओठ दुमडणं. मला वाटत होतं घराण्याची कला माझ्यापाशी येऊन संपली. ती संपली नव्हती, मला वळसा घालून पुढे गेली होती. अभिमानाने ऊर भरून आला आणि डोळेही. (चुलीचा धूर होता, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

मग वंदनाचं वाटण पडलं, आईने खुर्चीतून मीठ सांगितलं. तांदळाच्या भाकऱ्या, आधी तव्यावरची कलेजी आणि मग वजडी. नाना पहिला घास घेऊन डोळे मिटून बसले. प्राजूचा हात वाढता वाढता थांबला.

नानांनी डोळे उघडले. "वाढ," म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "वाढ." तिसऱ्यांदा बोललेच नाहीत, नुसतं ताट पुढे केलं. शेवटी बोटं चाटत त्यांनी जाहीर केलं, "वा! याला म्हणतात पेणची वजडी!"

"पेणची?" मी ताटावरून अर्धा उठलो. "बोकड रोह्याचा! चूल माझी! वाटण माझ्या बायकोचं!"

"आणि हात कुणाचा? आमच्या सुनेचा. पेणला चला, सगळ्यांना सांगतो मी, आमची सून काय चीज आहे!"

प्राजू खुदकन हसली. इतक्या दिवसांनी तिला मोकळं हसताना पाहिलं आणि माझा भांडायचा जोरच गेला. नेऊ दे पेणला नाव. मुलगी दिली तेव्हा ते बरोबर गेलंच होतं, पावती आज मिळाली.

निघताना नाना हात धुवायला पुन्हा मागच्या नळावर गेले. या वेळी चष्मा लावून गेले आणि पुसायला स्वतःचा रुमाल काढला.

म्हणजे पातेल्यातली वजडी पेणची ठरली. पण रोह्यालाही काहीच उरलं नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या हातची एक होती की, दोन चिमटे लावून, बनियनच्या शेजारी.