सुधाकरकाकांच्या बेसमेंटमधला स्टोव्ह

वर्कशॉप कितीही झाडलं तरी कुठल्यातरी फटीतून भुसा निघतोच. आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कोणी नुसतं ‘काकांचा स्टोव्ह’ म्हणालं, की एक सांगून संपायच्या आत दुसरा तयार! फक्त हल्ली ते आम्हाला कॉफी शॉपमध्ये बसून सांगावे लागतात, आणि तिथे कोणाच्याच अंगाला धुराचा वास येत नाही.

सुधाकरकाका मूळचे नागपूरचे. रिटायर झाल्यावर त्यांनी इकडे बर्फाच्या मुलखात, ईडन प्रेरीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये सुतारकामाचं वर्कशॉप थाटलं. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची ऊब तिथे पोचायची नाही, म्हणून लाकडाचा स्टोव्ह बसवून घेतला. दर शनिवारी सकाळी तिथे आमचा अड्डा. पुण्याचा निखिल, सॉफ्टवेअरवाला. आणि मी. मी हायस्कूल अर्धवट सोडलेला, लोकांच्या घरात लाकडी फ्लोअरिंग बसवतो.

शैलाकाकू वरून ओरडायच्या, “मला क्युपर्टिनोला नातीजवळ जायचंय! हा धूर आणि हा बर्फ, पुरे झालं!” तिथे राहणारा त्यांचा मुलगा रोहनही दर फोनला तेच म्हणायचा. काकांचं उत्तर ठरलेलं, “एवढा हिवाळा जाऊ दे.” असे बरेच हिवाळे गेले. आम्ही मनातल्या मनात म्हणायचो, असेच जात राहोत.

* * *

स्टोव्ह आला त्या पहिल्याच शनिवारी निखिल गाडी भरून लाकडं घेऊन आला. शेजाऱ्याने आदल्या दिवशी झाड पाडलं होतं, फुकट मिळाली म्हणून स्वारी खूश.

पेटवायला घेतलं तर फस्स फस्स आवाज, ओंडक्याच्या टोकातून पाणी गळतंय आणि धूर सगळा आमच्याकडे! वरचे धुराचे तिन्ही अलार्म एकदम बोंबलायला लागले. निखिल फोनवर व्हिडिओ लावून म्हणतो, “काका, यात तर असंच करतायत.”

काकांनी एक ओंडका उचलून हातात जोखला. “निखिल, हे लाकूड नाही रे. ही भाजी आहे!”

* * *

थंडी पडली की काकांना भरिताची आठवण व्हायची. स्टोव्हमध्ये निखारे चांगले पडले होते, म्हणून एका शनिवारी आत तीन वांगी सारली. मग काकांनी खुर्चीच्या पायाला रंधा मारायला घेतला आणि आम्ही तिघंही वांगी विसरलो.

आठवण झाली तेव्हा आत फक्त देठं ओळखू येत होती. काकू कांदा, मिरची, कोथिंबीर चिरून वर वाटच बघत होत्या. त्यांनी खाली येऊन आधी वांग्यांकडे पाहिलं, मग वर्षभर तीन पायांवर उभ्या असलेल्या त्या खुर्चीकडे.

“तुमच्या हातून एक गोष्ट तरी पूर्ण झाली म्हणायची!”

* * *

माझा एक किस्सा निखिल सगळीकडे सांगतो, तर मीच सांगून टाकतो.

काकांकडे एकदा श्रूजबरी गावाहून त्यांचे एक मित्र आले होते. मला म्हणाले, “काय बेटा, मास्टर्स की पीएचडी?”

मी उठलो आणि स्टोव्हमध्ये एक ओंडका टाकला. ते म्हणाले, “बरं, अंडरग्रॅड कुठे केलंस?” मी आणखी एक टाकला. “मग पुढे काय प्लॅन?” अजून दोन.

थोड्या वेळाने ते मित्र स्वेटर काढून बनियनवर बसले होते. बाहेर उणे वीस! सुधाकरकाका खिडकी उघडत त्यांना म्हणाले, “काहून त्याला शिक्षणाचं विचारतोस बाप्पा? भाजून निघू ना आपण सगळे!”

* * *

अंगणात होळी पेटवायची म्हणजे मार्चमध्येही गुडघाभर बर्फ. काका म्हणाले, “अग्नी तो अग्नी. खालीच करू.”

काकूंनी स्टोव्हच्या दाराला कुंकू लावलं. पुरणपोळीचा नैवेद्य आत टाकला, नारळ टाकला. भिंतीच्या बाजूने जायला जागा नव्हती, म्हणून प्रदक्षिणा जागच्या जागी स्वतःभोवती. आणि मग आम्ही सगळ्यांनी तोंडावर हात ठेवून दणदणीत बोंब मारली.

दोन मिनिटांत शेजारची लिंडाआजी हातात फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावत जिन्यावर! तिला बसवलं, पोळीवर तूप घालून खायला दिलं, सगळं समजावलं. तिने दोन पोळ्या संपवल्या आणि विचारलं, “सो व्हेन डू वी येल अगेन?”

पुढच्या वर्षी सगळ्यांत मोठी बोंब तिची होती.

* * *

रोहन आला की बेसमेंटमध्ये यायचा, पण उभाच राहायचा. “डॅड, यू हॅव अ परफेक्टली गुड फर्नेस. स्टोव्ह कशाला?”

काका म्हणाले, “फर्नेसभोवती कोणी बसायला येतं का रे?”

रोहनने आमच्याकडे बघितलं. मला वाटतं तो वाईट मुलगा नव्हता. त्याला आईवडील जवळ हवे होते, आम्हालाही तेच हवे होते. फरक इतकाच, की ते त्याचे होते.

* * *

घर शेवटी एप्रिलमध्ये विकलं गेलं. ज्यांनी घेतलं त्यांना बेसमेंटमध्ये होम थिएटर करायचं होतं. स्टोव्ह काढायचं काम मी आणि निखिलने केलं. भिंतीतलं भोक मी बुजवलं आणि इतकं नीट बुजवलं, की तिथून धुराडं जात होतं हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही. थोडं कमी नीट करायला हवं होतं, असं आता वाटतं.

काका क्युपर्टिनोहून शनिवारी फोन करतात. पहिला प्रश्न, “किती आहे रे तिकडे?” मी उणे पंधरा म्हटलं की “वा!” म्हणतात, जणू कोणाला प्रमोशन मिळालंय.

* * *

पण आम्ही सगळ्यांत जास्त वेळा सांगतो तो किस्सा त्याच्या आधीचा, फेब्रुवारीतला. घर बघायला पहिलं गिऱ्हाईक येणार होतं, तो दिवस.

एजंटबाईंनी सांगितलं होतं, “स्टोव्ह पेटवून ठेवा, कोझी वाटतं. आणि तुम्ही कोणी घरात थांबू नका.” मी सकाळीच ओकचे वाळके तुकडे घालून मस्त पेटवला. काकांनी रंधा पुसून ठेवला, खुर्चीवरून हात फिरवला, आणि आम्ही तिघं समोर निखिलच्या गाडीत जाऊन बसलो. काकू म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे. गॅस बघते आणि आलेच.”

आल्या, शांतपणे मागच्या सीटवर बसल्या. एजंटबाई एका तरुण जोडप्याला घेऊन आत गेल्या.

पाच मिनिटंही झाली नसतील. धाडकन दार उघडून तिघंही बर्फात! डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका. एजंटबाई स्कार्फ तोंडाला लावून पायरीवरच बसल्या. ते जोडपं कोट सावरत गाडीपर्यंत पळालं आणि गेलंसुद्धा!

काका धावत खाली गेले. आम्ही मागोमाग. स्टोव्हचं दार सताड उघडं. सगळ्या घरात असा ठसका, की बोलता येईना.

काका खोकत खोकत बाहेर काकूंपाशी आले. “शैला, काय टाकलंस आत?”

“मीठ, मोहरी, मिरच्या. दृष्ट काढली घराची. परकी माणसं येणार, हे छान ते छान म्हणणार, मग नको का काढायला?”

“अगं, दृष्टीला पाच-सात मिरच्या लागतात. खाली अख्खं पाकीट रिकामं पडलंय!”

“घर मोठं आहे.”

“आणि दार उघडं का ठेवलंस?”

काकूंनी कोटाची वरची गुंडी लावली, डोळ्यांना लावायला पदर नव्हता म्हणून मफलर लावला, आणि पायरीवर शिंकत बसलेल्या एजंटबाईंकडे वळून इंग्रजीत विचारलं,

“व्हेन इज द नेक्स्ट पार्टी कमिंग?”