शशी रामटेके आणि पार्सन्स लेनचा चढ

शशी रामटेके घर सोडून गेली, तीही रडत रडत, ही बातमी जन्मली लंडनमध्ये, वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या भाजीच्या दुकानात आणि संध्याकाळच्या आत मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने पिनरला पोचली. बातमीची आई आमच्या रस्त्यावरची मनीषा. तिने शनिवारी भल्या सकाळी गाडीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे: सायकलवर शशी, पाठीला पिशवी, गालांवरून घळाघळा पाणी आणि तोंड गावाबाहेरच्या दिशेला. वेम्बलीत शशी नुसती रडत होती. हॅरोत तिला नवऱ्याने हाकललं. पिनर येईपर्यंत प्रज्ञेश रामटेकेचं ऑफिसात कुणाशी तरी जुळलंसुद्धा होतं. बिचारा प्रज्ञेश! त्या माणसाचं स्वतःच्या चष्म्याशी धड जुळत नाही, रोज सकाळी घरभर शोधतो.

खरी गोष्ट अशी, की शशीच्या डोळ्यांना वारा सोसत नाही. उतार लागला की डोळे जे वाहायला लागतात ते सपाटी येईपर्यंत. त्यावर उपाय म्हणून तिने धावपटूंचे असतात तसले गॉगल आणले होते, पण ते चष्म्यावर बसेनात आणि चष्म्याविना तिला खड्डे दिसेनात. तेव्हा रडणं पत्करलं. पाठीवरच्या पिशवीत रेनकोट आणि मेथीचे धपाटे. घर सोडून गेलेली ही बाई दुपारी दीडला परत आली, आंघोळ केली, दोनदा वरणभात घेतला आणि सोफ्यावर घोरली. तिचे डोळे जितके जास्त वाहतील तितकी ती जास्त खुशीत असते, हे मनीषाला कोण सांगणार? सांगितलं तरी इतकी चांगली बातमी कोण सोडतं!

शशी मूळची नागपूरची, इंदोऱ्याची. वय एक्कावन्न. हॅरोतल्या एका फर्ममध्ये पेरोल बघते, म्हणजे आठवडाभर लोकांचे पगार चुकू नयेत याची काळजी वाहते आणि पगार बरोबर आला म्हणून तिला आजवर कुणी फोन केलेला नाही. लॉकडाउनमध्ये तिने एक जुनी रोड बाइक घेतली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, बोटभर जाडीचं टायर. पहिल्या दिवशी ती सायकल आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि शशी तिच्या मागोमाग चालत आली. आम्ही खिडक्यांतून मनमुराद हसून घेतलं. आता हसत नाही. आता बाई पन्नास-पन्नास मैल जाऊन येते.

त्यात तिला एक खोड आहे. ध्येय ठरवल्याशिवाय तिला सायकलवर बसताच येत नाही. आधी रिकमन्सवर्थ, मग अॅमरशॅम, मग शंभर किलोमीटर. आणि ध्येय मनात ठेवायचं नाही, तर कचऱ्याच्या डब्यांच्या दिवशी डबा बाहेर काढता काढता अख्ख्या रस्त्याला जाहीर करायचं. शनिवारी ती कॉलिनच्या सायकलवाल्या टोळीबरोबर जाते. कॉलिन निवृत्त पोस्टमन, सत्तरीचा, पोटऱ्या नारळासारख्या टणक. टोळीत गप्पा फारशा नाहीत. "खड्डा!", "मागून गाडी!" एवढंच एकमेकांना ओरडून सांगायचं. शशीला ते फार आवडतं. आठवड्यातले हेच तेवढे पाच-सहा तास, जेव्हा तिला कुणी काही विचारत नाही आणि कुणाचं काही तिच्यावाचून अडत नाही.

या उन्हाळ्यात ध्येय होतं पार्सन्स लेन. अॅमरशॅमच्या पलीकडे, दोन्ही बाजूंनी 'बीच' जातीची उंच झाडं, एक गाडी जाईल एवढीच रुंदी. चर्चपाशी ती गल्ली अशी साळसूदपणे सुरू होते की माणूस फसावा. मग मधल्या वळणावर जी उभी राहते ती भिंतच. पाय न टेकवता वर जायचं, एवढंच. शशीने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा त्याच वळणावर तिचा पाय टेकला. तिसऱ्यांदा तर पाय टेकवायलाही उशीर झाला. या सायकलींना बुटाचा तळवा पेडलमध्ये खटकन अडकवून ठेवायचा असतो. थांबायचं तर आधी टाच वळवून पाय सोडवावा लागतो. नाही सोडवला, तर सायकलीसकट आडवं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात घरात आत्या होत्या.

रंभाबाई म्हणजे प्रज्ञेशच्या आत्या. वय चौऱ्याहत्तर, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. प्रज्ञेशची आई तो पाच वर्षांचा असताना गेली आणि आत्यांनी स्वतःचं लग्नाचं बोलणं मोडून त्याला वाढवलं. त्यामुळे त्या घरात आत्यांना 'नाही' म्हणायची पद्धत नाही. आत्यांनी जेवताना शशीचं सोललेलं कोपर पाहिलं.

"हे काय करून आली?"

"पडले, आत्या."

"कशी काय?"

"पाय काढायला उशीर झाला."

"काऊन? पाय बांधून ठेवले होते का कोणी?"

"हो," शशी म्हणाली. "म्हणजे मीच."

आत्यांनी ताट पुढे सरकवलं. "प्रज्ञू, ऐकून राहिला नं? पायाला बेड्या घालून डोंगर चढते तुझी बायको. उद्या गुडघा मोडला तर इथे कोण आहे करायला? विकून टाक ती सायकल."

"नाही," शशी म्हणाली.

प्रज्ञेशचा घास हातातच राहिला. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दचकलं असेल. शशीही दचकली, पण शब्द तर निघून गेला होता. आणि शशीचं असं आहे की घाबरली की ती आणखी एक पाऊल पुढे टाकते. म्हणाली, "येत्या शनिवारी मी पाय न टेकवता तो चढ चढले नाही, तर विकते सायकल. शब्द देते. पण चढले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, आत्या."

"मी येते बघायला," आत्या म्हणाल्या. "तुझ्या क्लबातल्या लोकांवर भरवसा नाही माझा. सगळे एकाच माळेचे मणी."

झालं! बुधवारी डब्यांच्या दिवशी रस्त्याला बातमी मिळाली. गुरुवारपर्यंत मनीषाने ती ईलिंग रोडला पोचवली. तिच्या बातमीत आत्यांनी सायकल आधीच कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली कमरेला.

शशीने मात्र रोज संध्याकाळी कालव्याकाठच्या वाटेवर सराव लावला. तिथेच तिची खरी अडचण सगळ्यांना माहीत झाली. ती वाट सगळ्यांची आहे: चालणाऱ्यांची, बाबागाड्यांची, लांब पट्ट्याच्या कुत्र्यांची, शिवाय बदकांची. पहिला मान चालणाऱ्यांचा. आणि आपल्याकडचे काका लोक हात पाठीमागे बांधून, चौघे एका रांगेत, व्याजदरावर बोलत चालतात. बाकीचे सायकलवाले लांबून हलकेच घंटी वाजवतात, काका बाजूला होतात, सायकलवाला थँक यू म्हणतो, संपलं. शशीच्या हँडलवर पितळेची सुरेख घंटी होती. पण मोठ्या माणसांवर घंटी वाजवायची? ती तर गुराला हाकलल्यासारखं होईल! म्हणून शशी मागे मागे गोगलगाईसारखी जायची आणि खाकरायची. एका काकांनी वळून तिला आल्याच्या वडीचा अख्खा पुडा दिला आणि "बेन, डॉक्टरने बतावो" म्हणून गुजरातीत डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी हळदीच्या दुधाची कृती सांगितली. सराव राहिला बाजूला, शशीचा घसा कालव्याकाठी चर्चेचा विषय झाला.

कॉलिन सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतो. त्याने तिला समजावलं, "लव्ह, घंटी म्हणजे 'सरका' नव्हे. 'मी आलेय, घाबरू नका' एवढंच. न वाजवता पाठीशी येऊन उभं राहणं, ते उद्धट."

"तुझं बरोबर आहे," शशी म्हणाली. "पण माझ्या हाताला ते पटत नाही."

शनिवार उजाडला तो झकास! रात्रीचा पाऊस थांबलेला, हवा धुतल्यासारखी. टोळी निघाली. रिकमन्सवर्थ गेलं, अॅमरशॅम गेलं, शशीचे डोळे वाहायला लागले, म्हणजे तब्येत उत्तम. चर्चपाशी कॉलिन म्हणाला, "जा तू पुढे. आम्ही मागून येतो."

शशीने जोर धरला आणि समोर घोडा! एक मुलगी घोड्यावरून सावकाश खाली येत होती. घोड्याला बिचकवायचं नाही, वेग कमी करायचा, लांबून जायचं आणि आवाज द्यायचा, हा तिथला नियम. शशीने वेग कमी केला आणि घोड्यालाच "गुड मॉर्निंग" केलं. मुलगी हसली. घोड्याने शेपूट हलवली. पण चढाला लागण्याआधी साठवलेला जोर गेला तो गेलाच.

आता सगळ्यात हलका गिअर. पाय गरागरा, सायकल मुंगीच्या पावलांनी. पहिला टप्पा गेला. छाती भात्यासारखी हलायला लागली. शशी समोर बघत नव्हती, पुढच्या चाकाकडे बघत होती. समोर बघितलं की चढ दिसतो आणि चढ दिसला की पाय ऐकत नाहीत. डावीकडे ओला पालापाचोळा, उजवीकडे सुटी खडी, मधे हातभर रुंदीचा कोरडा पट्टा. त्या पट्ट्यावर राहिलं तर वर, नाही तर चाक फिरून आडवं. वळण आलं. भिंत उभी राहिली. आणि पट्ट्यावर शशीला दोन पांढरे बूट दिसले.

वर पातळाची निळी किनार. त्यावर प्रज्ञेशचा जाड कोट. त्यावर आत्या!

प्रज्ञेशने गाडी माथ्यावर उभी केली होती. पण आत्या म्हणाल्या, वर उभं राहून काय दिसणार, ही मधे उतरून चालेल आणि वर येऊन मिरवेल. म्हणून त्या एकट्याच खाली उतरून आल्या आणि नेमक्या वळणावर, नेमक्या पट्ट्यावर, कमरेत वाकून उभ्या राहिल्या. कशाला? तर पाय नीट दिसावेत म्हणून. पंचाने पंचासारखं उभं राहायला नको?

शशीला ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास लागतो आणि होता तेवढा पायांत गेला होता. तिने खाकरलं. आत्यांनी मान वर केली.

"खोकला झाला नं? बाप्पा! थांब, पाणी देते." आणि कोटाच्या खिशातून बाटली काढून त्या दोन पावलं आणखी खाली आल्या.

मागून टोळी ओरडत होती, "चल शशी! चल!" सायकल डुलायला लागली. पुढचं चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आता थांबलं तर पाय टेकला. पाय टेकला तर सायकल गेली. आणि न थांबलं तर समोर चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्या, हातात बाटली, चेहऱ्यावर माया.

शशीच्या अंगठ्याने काय ते ठरवलं.

ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

बीचच्या झाडांतून पारवे उडाले. आत्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्यावर कुणी घंटी वाजवली नव्हती. त्या अशी टुणकन उडी मारून बाजूला झाल्या की तिशीतल्या बाईला जमू नये, आणि पालापाचोळ्याच्या ढिगावर मऊ बसल्या. बाटली गडगडत चर्चच्या दिशेला निघाली. शशी त्यांच्या पदरापासून वीतभर अंतरावरून गेली. थांबली नाही. मागे वळून पाहिलं नाही. "सॉरी" म्हणायला तोंड उघडलं, त्यातूनही हवाच आत गेली. भिंत संपली, वळण संपलं, उजेड आला, प्रज्ञेश आला, आणि रस्ता एकदम आडवा झाला! शशी तशीच वीस-तीस हात पुढे गेली, कारण पाय सोडवायचा कसा हेच ती विसरली होती. मग आठवलं. उतरली आणि गवतावर उताणी पडली. हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. मनीषा तिथे असती तर महिनाभराची सोय झाली असती.

"चढली! शशी, चढलीस तू!" प्रज्ञेश थर्मास हातात घेऊन नाचला. मग एकदम थांबला. "आणि आत्या?"

आत्या येत होत्या. कॉलिनने एका हाताने स्वतःची सायकल आणि दुसऱ्या हाताने आत्यांना धरलं होतं. चढ सायकलवरून न चढता चालत आला म्हणून त्याला टोळीने नंतर बरंच छळलं. आत्यांच्या कोटाला पानं, अंबाड्यात एक काडी. आख्खी टोळी सायकली गवतावर टाकून भोवती गोळा झाली. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या माणसांनाही कळलं की आता कोर्ट भरलं आहे.

शशी धडपडून उठली. "लागलं का हो, आत्या?"

"मला काय धाड भरली आहे?" आत्यांनी काडी काढून टाकली. "पाय नाही टेकवला तिने. मी बघितलं. बसल्या जागेवरून बघितलं. सायकल राहू दे तिची."

प्रज्ञेशने टोळीला भाषांतर करून सांगितलं आणि टोळीने जी आरोळी ठोकली ती चर्चपर्यंत गेली असेल. कॉलिनने तर आत्यांनाच टाळी दिली. आत्यांनी टाळी घेतली, आरोळी संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग शशीकडे वळल्या.

"पण माझ्यावर घंटी वाजवली तू. आत्यासासूवर! मी पडली, तरी पाहिलं नाही वळून. दुसरी कोणी असती नं, तर थांबली असती."

शशीने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, दोन्ही हातांनी आत्यांपुढे धरला आणि म्हणाली, "दुसरी कोणी असती, आत्या, तर तुमच्यापर्यंत पोचलीच नसती."