न चालणाऱ्या तिकिटांवरची ताई

कस्टमच्या गोदामात तिला सगळे भिंगबाई म्हणत. कोरी चेकबुकं, शेअर सर्टिफिकेटं, मुद्रांक, टपाल तिकिटांचे ताव, असा छापील माल आला की तो तिच्याच टेबलावर यायचा. कागद उजेडाकडे धरायचा, भिंगातून रेषा बघायच्या आणि कुठली जकात लागते ते ठरवायचं. न वापरलेल्या तिकिटांचा प्रश्न सरळ असे. हे तिकीट आज कुठल्या टपालात चालतं का? चालत असेल तर ते तिकीट, नाहीतर संग्राहकाची वस्तू.

त्या दिवशी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं खोकं उघडलं आणि तिने वरचा ताव उजेडाकडे धरला. तावभर, प्रत्येक तिकिटावर एकच मुलगी, डोक्यावर पाण्याचा घडा, मान किंचित वळलेली. ताई!

तिचे बाबा सरकारी छापखान्यात ठसे कोरत. या तिकिटासाठी त्यांनी थोरल्या लेकीला खिडकीशी उभं केलं होतं. धाकटी जमिनीवर बसून बघत होती. तिकीट विक्रीला येण्याआधीच लढाई पेटली. पळापळीत धक्क्यावर ताई पाणी आणायला मागे गेली, आणि बोट सुटली. पुढे तो देशही नकाशावरून गेला. बाबा त्यानंतर फारसं बोललेच नाहीत, तसेच गेले. आई मात्र अजूनही ताईची चादर उन्हात घालायची.

आणि भिंगबाईला ताई दिसायची. बसच्या काचेत, जिन्याच्या वळणावर. कायम तितक्याच वयाची. मागून कुणी "अगं" म्हटलं तरी अंगावर काटा यायचा.

"मी चालू तिकिटं म्हणून लिहिलंय," व्यापारी म्हणाला. "कोरी आहेत, बाई. गोंदसुद्धा शाबूत आहे."

"कुठल्या टपालात चालतात?"

"चालली असती... देश राहिला असता तर."

तिने पेन उचललं, खाली ठेवलं. "यांना मान्यता देणारा देश अस्तित्वात नाही" हे वाक्य तिने आजवर कितीदा तरी लिहिलं होतं, डोळे मिटूनही लिहिलं असतं. आज शाई उतरेना. तावावरच्या सगळ्या ताया तिच्याकडे बघत होत्या. शेवटी तिने ते लिहिलं, सही केली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

माल सुटल्यावर सुट्टीच्या दिवशी ती आईला घेऊन त्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेली. वाटेत काही सांगितलं नाही. व्यापाऱ्याने काचेवर ताव पसरला, आईसाठी खुर्ची ओढली. आईने भिंग धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"सुरेख आहे गं पोर," ती म्हणाली. "कुणाची?"

"आई, अगं, ताई आहे! बाबांनी कोरलेली. खिडकीशी उभी केली होती ना तिला?"

आईने पुन्हा पाहिलं. मग भिंग हळूच बाजूला ठेवलं.

"असेल. पण मी हिला शोधत नाही गं. तुझी ताई आता माझ्यासारखीच दिसत असेल. केस पांढरे, गुडघे धरलेले. बाजारात मी म्हाताऱ्या बायकांची तोंडं बघते. तू काय बघतेस?"

भिंगबाईची नजर तावावर गेली. इतकी वर्षं एका घरात राहून दोघी दोन वेगळ्या बायकांची वाट बघत होत्या.

"एक तिकीट देऊ का?" व्यापाऱ्याने विचारलं.

"नको," आई म्हणाली आणि काठी टेकत उठली.

त्यानंतर जिन्याच्या वळणावरची ती मुलगी दिसेनाशी झाली. सुटका झाली म्हणावं, तर तसंही नाही. आता रस्त्यात समोरून पांढऱ्या केसांची कुणी बाई आली की भिंगबाईचा पाय अडखळतो. बाई निघून जाते. ही वळून तिच्या पाठीकडे बघत राहते, आणि हाक मारायचं धाडस होत नाही.