सुनेची साईट हलली आणि मी दवंडी पिटली

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. मागं एकाला हे सांगताना त्याच्या नाकातून चहा आलेला, आणि त्याची बायको मलाच बोलली. तर कसंय, आयुष्यभर मी लोकांचा पोपट केला. या वेळी माझा झाला. आणि झाला कधी? मी सरळ वागायला गेलो तेव्हा!

आमच्या सुनेचा, सायलीचा, ड्रेपरीचा धंदा आहे. म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला पोरांना भाड्यानं ड्रेस द्यायचे. मावळे, कोळणी, मोर, वाघ, कांदा, टोमॅटो, सगळी जत्रा आमच्या ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत. माझ्या खाटेखाली रावणाची डोकी. दुपारी लोळताना हात खाली गेला की मिशा लागतात. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात मी, सायली आणि रावण.

ड्रेस ती शिवते, पेट्या मी पोचवतो. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठली शाळा कुठल्या गल्लीत, ते माझ्या पायांना पाठ आहे. डोक्याचं विचारू नका. चौथीत मास्तर बोलले, "तू उद्यापासून नाही आलास तरी चालेल," मी लगेच ऐकलं. तेवढीच एक गोष्ट ऐकली मास्तरांची! अक्षर लावता येतं, पण दुकानाची पाटी वाचून होईपर्यंत दुकानवाला शटर खाली घेतो. म्हणून माझ्या फोनमध्ये शाळांतल्या बाईंच्या नावाच्या जागी फोटो आहेत. मोर नेणाऱ्या बाईंना मोर, वाघ नेणाऱ्या सरांना वाघ. एका हेडमास्तरीणबाईंना काय लावलंय ते मी इथं सांगत नाही.

शाळा ऑर्डर टाकतात सायलीच्या मेलवर. ड्रेसचे फोटो तिच्या वेबसाईटवर. पण ती साईट सारखी बसायची. बाईंनी मोर बघायला बोट लावलं की नुसतं पांढरं गोल फिरतंय. मोर नाचायचा सोडून गोल नाचतंय!

दिवाळी झाली तशी सायली बोलली, "नाना, साईट आणि मेल दुसऱ्या कंपनीकडे नेतेय. सीझनच्या आत."

"नेतेय म्हणजे? टेम्पो लागेल का?"

ती हसली. गुणी पोर आहे, मला समजेल असं सांगते. "समजा आपण भाड्याच्या खोलीत राहतोय. मालक कधी नळ बंद करतो, कधी लाईट घालवतो. मग आपण काय करणार? सामान उचलून दुसऱ्या मालकाकडे जाणार. तसंच हे."

"कळलं!" मी बोललो.

इथंच घात झाला बघा. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

कारण खोली सोडायचं दुःख मला विचारा. आमची डोंबिवलीची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा आम्ही दिवा स्टेशनजवळ भाड्यानं गेलेलो. सामान नेलं, तुळस नेली, कुणाला पत्ता कळवायचा राहिला. तेव्हा फोन नव्हता माझ्याकडे. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली ती चाळीच्या बंद दाराखाली. पोरीला मांडवात आणायची मामानं, आणि मामा दिव्याला पाण्याच्या रांगेत हंडा घेऊन उभा! शेजारच्या माणसानं मामा होऊन काम भागवलं. बहीण अजून काही बोलत नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर मी मनात ठरवलं, या वेळी कुणाला कळवायचं राहता कामा नये.

साईट हलवायच्या दिवशी सायली लॅपटॉपला चिकटलेली. नव्या जागेत शिरताना आपल्यात दूध उतू घालतात, म्हणून मी गॅसवर टोप ठेवला. ती बोलली, "नाना, दूध तिकडंच राहू दे हां, इकडं आणू नका." आणि मी? गॅलरीत गेलो, फोन काढला, आणि मोरापासून वाघापर्यंत सगळ्यांना आवाजाचा मेसेज सोडला.

"नमस्कार, मी नाना ड्रेपरीवाले. आम्ही जागा सोडतोय. जुन्या मेलवर आता काही टाकू नका, हरवेल. नवा पत्ता सायली कळवेल, तोवर थांबा. धन्यवाद."

काय आवाज लावलेला! एकदम सज्जन माणसाचा. मलाच ओळखू येईना.

सायलीला बोललो नाही. तिला कामात कशाला त्रास?

मग शांतता. सोमवारी मेल नाही. मंगळवारी नाही. ऐन सीझनला! दर वर्षी याच आठवड्यात सायलीला जेवायला फुरसत नसते. ती लॅपटॉपकडे बघत बसलेली, हातातली सुई तशीच.

"नाना, काहीतरी गडबड झालीय. एक पण मेल येत नाही."

"शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकला असेल पोस्टमन," मी बोललो. "तिथून माणूस सुटत नाही, मेल कसा सुटेल?"

ती हसली नाही. तिनं नव्या कंपनीला फोन लावला. तिकडची पोरगी बोलली, "मॅम, सगळं चालू आहे. बघा, मी एक मेल पाठवते." टुंग! आला. सायलीनं स्वतःच्या दुसऱ्या फोनवरून पाठवला. टुंग! तो पण आला. फक्त गिऱ्हाइकाचा येत नाही! जुन्या कंपनीला विचारलं, ते बोलले आमच्याकडे काही अडकलेलं नाही. मी मध्येच फोन हिसकावून त्या नव्या कंपनीच्या पोरीला झापलं. "आमचे मेल कुठं गिळले? सुनेचा सीझन खाल्ला तुम्ही!" ती बिचारी सॉरी सर, सॉरी सर करत राहिली. तिला मी अजून मनातल्या मनात सॉरी बोलतो.

आता सायलीला खरी धास्ती होती ठाण्याच्या शाळेची. मोठी शाळा, पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती, बालवाडीपासून दहावीपर्यंतचे सगळे ड्रेस. बाई बोललेल्या, शुक्रवारपर्यंत मेल टाकते. त्या ऑर्डरवर सायलीनं कापड आणून ठेवलेलं, दोन शेजारणींना शिलाईला बसवायचा शब्द दिलेला. ती सेटिंग खालीवर करत बसली, आणि त्यात चालू असलेली साईट पण बसली! पोरीच्या डोळ्यांत पाणी. "मीच वाट लावली, नाना. उगाच हलवली."

मी पाठीवर हात ठेवून बोललो, "काळजी नको करू. कंपनी चोर आहे."

शुक्रवारी सकाळी मी कल्याणला एका शाळेत जुनी पेटी आणायला गेलो. तिथल्या बाई बोलतात, "नाना, नवा पत्ता कधी देताय? आमची ऑर्डर कधीची तयार आहे. तुम्ही बोललात ना, टाकू नका, हरवेल? म्हणून थांबलोय सगळे."

सगळे!

पेटीवरच बसलो. आत वाघ होता, त्याची शेपटी दबली.

घरी येऊन सायलीला सांगितलं. सोपं नव्हतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? कंपनीवर ढकलून मोकळा झालो असतो. पण ती "मीच वाट लावली" बोललेली ना, ते कानातून जाईना.

तिनं डोकं धरलं. "अहो नाना! जागा बदलली, पत्ता नाही बदलला! पत्ता तोच असतो, कंपनी फक्त मागची बदलते. लोकांना कळत पण नाही."

"जागा सोडली आणि पत्ता तोच? असं कुठं असतं?"

"इथं असतं."

खरं सांगू, मला क्षणभर आमची चाळच आठवली. माणूस कुठंही जावो, पत्ता बरोबर घेऊन जातो, आणि आलेली पत्रिका बरोबर त्याच्या हातात पडते. अशी सोय निघालीय, आणि ती आमच्या वेळेला नव्हती. ज्या वेळेला आली, त्या वेळेला मी आडवा आलो!

लगेच सगळ्यांना दुसरा मेसेज सोडला. "माफ करा, पत्ता तोच आहे, बिनधास्त पाठवा."

तर उत्तरं काय आली? नुसती हसणारी तोंडं! मोरवाल्या बाई बोलल्या, "नाना, यंदा नाही फसणार." वाघवाले सर बोलले, "आता पाठवलं की बोलाल हरवलं, ओळखतो तुम्हाला." त्यांचं पण बरोबर. त्या बाईंच्या मुकुटाच्या डब्यात मी रबराची पाल ठेवलेली. या सरांना सांगितलेलं की रावणाची नऊच डोकी शिल्लक आहेत, दहावं तुमचं लावा. आता बघा गंमत. आयुष्यभर थापा मारल्या, तेव्हा लोक हसले. एकदा मनापासून चुकीचं सांगितलं, ते अख्ख्या ठाणे-कल्याणनं ऐकलं. आणि आता खरं सांगतोय, तर त्याचीच मस्करी!

शेवटी सायलीनं स्वतः एकेकाला फोन लावले. तिचं सगळ्यांनी ऐकलं. ठाण्याच्या बाई मात्र फोन उचलेनात, प्रॅक्टिस चालू असणार. सायलीला साईट उठवायची होती, कंपनीची पोरगी लाईनवर होती. मग गेलो मी.

मैदानात पोरं नाचतायत, बाई शिट्टी मारतायत. मी समोर जाऊन हात जोडले, बोललो, "मी नाना ड्रेपरीवाले."

"तुम्ही? तुमचं तर दुकान बंद झालं ना?" बाई बोलल्या.

"कोण बोललं?"

"सगळे बोलतायत. जागा सोडली, धंदा गुंडाळला. आम्ही आता दुसऱ्या ड्रेपरीवाल्याला बोलावलंय, येईलच तो."

बघा, माझ्या एका मेसेजचं काय झालं! "बाई, शप्पथ, काही बंद नाही. पत्ता तोच. मी खरं बोलतोय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाल ठेवणारे नाना तुम्हीच ना? तुमच्याकडून मोर नेतात ना, त्या माझ्या नणंदबाई."

झालं! मी सायलीला फोन लावला, स्पीकर चालू केला. "सायली, बाईंना सांग बाळा, मी कोण आहे आणि खरं बोलतोय."

तिकडून एकदम गोड आवाज आला. "कोण नाना? मॅडम, मी अशा कुणाला ओळखत नाही."

पोरं थांबली. बाईंची शिट्टी तोंडातून पडली. माझं तोंड काय झालं असेल ते तुम्हीच बघा. आधी बाई हसल्या, मग तिकडून सायली हसली, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मग तिनं नीट सगळं सांगितलं, आणि बाईंनी तिथंच मैदानात उभ्या उभ्या मेल टाकला. फोनमधून लांबून आवाज आला, टुंग! बाईंनी दुसऱ्या ड्रेपरीवाल्याला नको येऊ म्हणून कळवलं. मी खालीच बसलो, मातीत.

संध्याकाळी घरी आलो तर सायली बोलली, "साईट उठली नाना. या, बघा. पहिल्याच पानावर तुमचं नाव घातलंय."

माझं? इंटरनेटवर? मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली, बोट लावून वाचायला लागलो. ना... नां... नी. बरोबर, मीच! शेजारच्यांना हाक मारून बोलावलं, म्हटलं या, बघा, नाव आलंय माझं. सगळे मागं उभे. मग मी मोठ्यानं, एकेक अक्षर लावत, पुढचं वाचलं.

"नानांनी काहीही सांगितलं तरी आमचा पत्ता तोच आहे."