चिमट्याचा उजवा हात

…आणि मग काय, पावांचा पत्रा भट्टीबाहेर आला तो उघड्या हाताने! ना फडकं, ना चिमटा. काउंटरपलीकडची माणसं “अरे, अरे” करेपर्यंत पत्र्याची कड करंगळीवर नि शेजारच्या बोटावर तोलून त्याने तो फळीवर टेकवलासुद्धा. म्हणून तर बेकरीत सगळे त्याला चिमटा म्हणत. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक; बायकोही “अहो”वर भागवी.

असा तो पहिल्यापासून नव्हता, बरं का. तेरा वर्षं त्यानेही चारचौघांसारखं गोणपाट दुमडूनच पत्रे ओढले होते. एका सकाळी घाईत गोणपाट राहिलं, हात तसाच गेला, आणि भाजलं म्हणावं तर काहीच नाही! कणीक मळणाऱ्या थोराड गड्याने तो हात उलटासुलटा पाहिला नि जाहीर करून टाकलं, “हात मुरला रे तुझा! माझ्या काकांचा मुरायला तीस वर्षं लागली.”

भट्टीवाल्यांत हा केवढा मान! मालकाने तर दुकानाची भिंत फोडून भट्टीकडे खिडकी काढली. गिऱ्हाईक पाव घ्यायला येई आणि चिमटा बघून जाई. कोपराखाली बटणाएवढा फिकट डाग पडला होता, तो पिठाचा समजून हा बाबा कित्येक महिने साबणाने घासत होता.

मग एका दुपारी काहीतरी करपल्याचा वास आला. चिमटा वाकून भट्टीत बघू लागला. पाव ठीक. खालची राख बघितली, लाकडं बघितली. वास काही जाईना. तेवढ्यात मळणारा ओरडला, “अरे हात काढ! तुझाच हात जळतोय!”

वाकताना आधाराला म्हणून हात ठेवला होता तो भट्टीच्या लोखंडी दारावर.

घरी बायकोने पट्टी बांधायला घेतली. “अहो, दुखत कसं नाही?”

“मुरलाय.”

“मुरायला ते काय लोणचं आहे? शर्टाचं बटण लावून दाखवा बरं, दुसरा हात न लावता.”

त्याने तीनदा प्रयत्न केला. करंगळी आणि तिची शेजारीण आत वळून बसल्या होत्या, त्या काही हलेनात. गेले सहा महिने बटणं बायकोच लावत होती, आणि हे लाडाने चाललंय असंच दोघांना वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. “कापूस लावते. जिथे लागेल तिथे बोट ठेवा.” त्याने दंडावर बोट ठेवलं, अंगठ्यावर ठेवलं. मग बराच वेळ गेला. तो डोळे मिटून ताटकळत बसला.

“चालू करा ना, बाई.”

बायको हळूच म्हणाली, “अहो, चार वेळा लावून झाला.”

डॉक्टरीणबाईंनी कोपरामागे चाचपलं. तिथली नस दोरीसारखी जाड झाली होती. आवाज न उतरवता त्या म्हणाल्या, “कुष्ठरोग आहे. वर्षभर गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. जंतू मरतील. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती जाते, पावातून तर हा पसरतच नाही. पण गेलेला स्पर्श सगळा परत येईल असं मी सांगणार नाही. आणि ऐका, हा रोग बोटं खात नाही. न कळलेल्या जखमा खातात. असं आणखी एकदा भाजलं तर ही दोन बोटं मला वाचवता येणार नाहीत. दुखून कळत होतं ते आता डोळ्यांनी बघायचं. रोज संध्याकाळी हात तपासायचा.”

घरी येताना कोपऱ्यावर बायको म्हणाली, “मालकाला सांगाल?”

“सांगितलं तर ठेवेल का?”

जखम भरल्यावर तो कामावर गेला, आणि सांगितलं ते अर्धंच. “मालक, डॉक्टरांनी हातमोजा घालायला सांगितलाय.”

“घाल की! मी नाही म्हणतो का? फक्त दहाच्या वेळचा एक पत्रा खिडकीसमोर उघड्या हाताने काढ. लोक लांबून येतात रे, चिमट्या. एकाने काय होतंय?”

दहा वाजले. खिडकीत सात-आठ तोंडं जमली. चिमट्याने भट्टीचं दार उघडलं, झळ तोंडावर आली. त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि नव्या गुलाबी कातडीची ती दोन बोटं नीट बघून घेतली. मग खुंटीवरचा चामडी हातमोजा काढून चढवला. वळलेली बोटं आत जाईनात, ती डाव्या हाताने एकेक करून बसवली, सगळ्यांच्या देखत.

“काय रे चिमट्या, म्हातारा झालास की काय?” खिडकीतून एका जुन्या गिऱ्हाइकाने हाळी दिली. बाकीचे हसले. मळणाऱ्याचे हात कणकेत थांबले. मालक डोळ्यांनी खुणावत होता, काढ तो मोजा.

चिमट्याने पत्रा ओढून फळीवर ठेवला आणि तो खिडकीशी आला.

“नाही हो काका, म्हातारा नाही झालो, कुष्ठरोग झालाय. गोळ्या चालू आहेत, पावातून तुम्हाला काही होणार नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून या हवं तर. हात मुरला नव्हता माझा, मेला होता, आणि आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. आता पाव हवेत का नकोत ते सांगा. गरम आहेत, असं हा मळणारा म्हणतोय.”