खांद्यावरचा पदर

साडीला फॉल लावून मिळेपर्यंत मी दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून होते. समोर दुकानाचे मालक वसंतशेठ एका मुलीला पैठणी दाखवत होते. जुन्या रीतीने त्यांनी पदर स्वतःच्याच खांद्यावर घेतला, तसा कोऱ्या रेशमाचा किंचित उग्र वास दरवळला. मुलीने बोटांनी पोत चाचपला आणि मोबाइल उचलला.

"फोटो इथे काढतात आणि साडी घरबसल्या मागवतात," शेठ मघाशीच मला म्हणाले होते.

"मग काढू देऊ नका."

"मग पायरीच चढणार नाहीत, ताई."

"निदान ही एक तोट्यातली शाखा तरी बंद करा."

"एक शटर पडलं, की घाऊक व्यापारी बाकीच्या चार दुकानांनाही उधारीवर माल देताना हात आखडता घेतात."

पाच गावांत पसरलेल्या त्या पसाऱ्यात एक टाका उसवण्याचीही मुभा उरली नव्हती. माणूस जितका विस्तारतो, तितकी त्याला हलायला जागा कमी पडत असावी.

"काका, जरा उजेडाकडे वळता?" मुलगी म्हणाली.

शेठ वळले. पदरावरचे मोर नीट दिसावेत म्हणून त्यांनी खांदा थोडा उंच धरला.